दारापर्यंतची चाल

“हिला चालता येतं का?” असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं, आणि मी सांगायला लागले की तो घड्याळाकडे बघायला लागतो. अहो, कुठं चालता येतं ते तरी विचारा! फरशीवर की सारवलेल्या अंगणात? स्वतः उठून, की कुणी उभं करून दिल्यावर? वळता येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मनात आलं की थांबता येतं का? मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. महिन्यातून दोनदा नांदेडच्या एका केंद्रावर जाते. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की चाल म्हणजे बऱ्याच लहानसहान गोष्टींची मोळी असते आणि ती एकदम सुटत नाही, एकेक काडी निघत जाते. पहिली काडी कुठली निघाली ते ओळखणं हे माझं काम. घरच्यांना दिसायच्या कितीतरी आधी मला ते दिसतं, आणि खरं सांगते, या कामातलं तेवढंच मला नको वाटतं.

ती मुलगी मला पहिल्यांदा नांदेडला भेटली. तिच्या आईचं माहेर नांदेडचं, सासर किल्लारीच्या बाजूचं. मुलीला रेट सिंड्रोम होता. हा आजार फार थोड्या मुलांना होतो, आणि त्यात जवळजवळ सगळ्या मुलीच असतात. लेकरू वर्षा-दीड वर्षाचं होईपर्यंत चांगलं वाढतं, हसतं, खेळणं धरतं, एखाददुसरा शब्द बोलतं. मग जे आलेलं असतं ते परत जायला लागतं. आधी हात जातात. म्हणजे हात असतात, पण ते सारखे एकमेकांत पिळत राहतात, कपडे धुतल्यासारखे. मग शब्द जातात. काहींचे पाय राहतात. हिचे राहिले होते. नऊ-दहा वर्षांची, पण अंगानं जेमतेम सहाची वाटणारी ती पोर नकटं नाक वर करून केंद्राच्या व्हरांड्यात फेंगडे पाय टाकत चालत होती आणि तिची आई माझ्याकडे असं बघत होती की जणू काही मीच ते पाय तिला दिलेत.

“एवढंच ऱ्हायलंय मॅडम,” आई म्हणाली. “बोलणं गेलं, हात गेले. पाय तेवढे जाऊ देऊ नका. मी दुसरं काहीच मागत न्हाई.”

असं कुणी म्हटलं की मी कोरडी होते, हा माझा स्वभाव. मी तिला म्हटलं, मी देव नाही, आणि तुम्ही असल्या वेळी रडायचं नाही, मला मुलगी बघू द्या. ती लगेच डोळे पुसून बसली. लातूर त्यांना जवळ पडत होतं, म्हणून पुढं ती औश्यावरून बसनं माझ्याकडे लातूरला यायला लागली. नवरा ट्रकवर, महिन्यात कधीतरी घरी. सगळी धावपळ हिचीच.

या मुलींची चाल तपासायची म्हणजे भल्याभल्यांचा संयम सुटतो. बाकीच्या पेशंटला “चला” म्हटलं की तो चालतो. हिला “चल” म्हटलं की काहीच होत नाही. ती बघत राहते. हात पिळत राहते. घरच्यांना वाटतं हिला कळलंच नाही, म्हणून ते लगेच मागून ढकलतात, नाहीतर काखेत हात घालून ओढतात. तिला कळलेलं असतं हो! निरोप पायापर्यंत पोहोचायला उशीर लागतो, इतकंच. तोवर गप्प बसायचं. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, मोबाईलवर गाणं लावायचं नाही. मी कितीतरी आयांना खोलीबाहेर काढलंय या कारणावरून. या आईला मात्र एकदा सांगितलं आणि समजलं. ती भिंतीला टेकून पदराचं टोक तोंडात धरून उभी राहायची. मग बऱ्याच वेळानं पोरीचा उजवा पाय उचलायचा आणि त्या आईच्या चेहऱ्यावर जे काही यायचं त्याकडे मी मुद्दाम बघत नसे.

माझ्याकडच्या फरशीवर तिची चाल बरी होती. ती बरी आहे म्हणूनच मला संशय होता. दवाखान्यातली फरशी सपाट, दारं रुंद, उंबरा नाही. मी म्हटलं, मला घर बघायचंय.

घर म्हणजे भूकंपानंतर वसवलेल्या गावातलं. सरळ गल्ल्या, एका घरापासून दुसरं घर लांब, समोर मोठं मोकळं अंगण. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड. मुलीचे आजोबा त्या शेडमध्येच झोपायचे, थंडी असो की पाऊस. मी गेले तेव्हा बाजेवर बसले होते. मला “डॉक्टरीणबाई” म्हणाले. मी म्हटलं, मी डॉक्टरीण नाही, व्यायाम घेते. “तेच की,” ते म्हणाले, आणि पुढं कायम डॉक्टरीणबाईच म्हणत राहिले.

चहा झाला. मी अंगणात अंतर मोजायची टेप लावायला वाकले, तेवढ्यात आजोबांनी बाजेखालचं स्टीलचं ताट काढून त्याच्यावर दणादण चमचा मारला आणि ओरडले, “हाललं! हाललं!”

मी टेप टाकून उभी राहिले. सून आतून कणकेच्या हातानं पळत बाहेर आली. शेजारची दोन पोरं अंगणात शेंगा खात बसली होती, ती उठलीसुद्धा नाहीत, फिदीफिदी हसायला लागली. आणि मुलगी? ती सुनेच्या मागोमाग आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यापाशी जागच्या जागी थांबली. हात पिळत. डोळे खाली, उंबऱ्यावर. आजोबा ताट वाजवायचं थांबले, तरी ती तिथंच.

“बघितलं का?” ते मला म्हणाले. “तुमच्या दवाखान्यात चालती म्हणं. हितं चालंना. मग ती कसली चाल?”

आई लाजून म्हणाली, “मामा हमेशा असंच भूकंप आला म्हणून ओरडतात मॅडम. तुम्ही मनावर घेऊ नका.” सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

मला आधी राग आला. म्हाताऱ्याला काही काम नाही, लेकराला खामखा घाबरवतो, असं वाटलं. ते मी तोंडावर बोललेसुद्धा. ते शांतपणे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरीणबाई, मी त्या रात्री शेतात होतो म्हणून हाय. घरात आई होती, धाकटी बहीण होती. बहीण चांगली धडधाकट. दारापातुर आली होती ती. दारातच सापडली.”

त्यांच्या लेखी चाल म्हणजे घरातून अंगणात येता येणं. बाकी सगळं त्यांना शोभेचं वाटत होतं. आणि वैताग असा की त्यांचं खरंच होतं. ज्यांची चाल जायला लागते ती पोरं आधी दारात थांबतात, फरशीचा रंग बदलला की थांबतात, सावलीच्या कडेवर थांबतात. मोळीतली पहिली काडी तीच. मला फरशीवर ती दिसली नव्हती आणि म्हाताऱ्यानं ताट वाजवून दाखवली. परत येताना बसमध्ये मला सारखं वाटत होतं की आपल्याला उशीर झालाय.

मग आम्ही दाराच्या मागं लागलो. दोन्ही दारांच्या उंबऱ्यांअलीकडं मी लाल पट्टी चिकटवली. डोळ्यांना एक खूण मिळाली की पाय कधी कधी उचलतो. मी आईला बजावलं, तिला पुढं चालू द्यायचं, तुम्ही मागं, हात तिच्या पाठीपासून वीतभर लांब, लावायचा नाही. आणि काही झालं तरी उचलून न्यायचं नाही. आजोबांचं म्हणणं उलटं होतं. एवढा उद्योग कशाला, वेळ आली की लेकराला उचला आणि बाहेर पडा. मी म्हटलं, आजोबा, एकदा उचलायची सवय लागली की रोज उचलाल. अंघोळीला उचलाल, जेवायला उचलाल. जे पाय वापरत नाहीत ते हा आजार टपलेलाच असतो उचलायला. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. ताट मात्र माझ्या सांगण्यावरून बंद झालं.

दिवाळीच्या सुमाराला पट्टीचा गुण यायला लागला. ती थांबायची, पट्टीकडे बघायची, बघतच राहायची, आणि मग यायची. आईनं फोन केला तर तिला धड बोलता येईना. “मॅडम, अंगणात आली! तुळशीपातुर आली! मामांनी पेढे वाटले हो!” मी इकडे जोरात हसले. बघा, मी काही दगड नाही. पण त्याच दिवसांत मी तिच्या घोट्यांची मापं घेत होते, आणि टाचा हळूहळू वर राहायला लागल्या होत्या. गल्लीतले म्हणायचे, पोरगी आता भरभर चालती, पळतीच की. मला ते भरभर आवडत नव्हतं. टाच टेकत नाही म्हणून अंग पुढं जातं आणि पाय अंगाच्या मागं धावतात. मी आईला सांगितलं, हे चांगलं लक्षण नाही. ती हिरमुसली. मला वाईट वाटलं, पण खोटं कसं सांगू?

संक्रांतीनंतर आई मुलीला घेऊन माहेरी नांदेडला गेली होती. तिथं एके दिवशी जमिनीतून आवाज आला. आमच्या भागात हे अधूनमधून होतं, खालून गाडी गेल्यासारखी घरघर होते, भांडी थरथरतात, लोक चपला न घालता रस्त्यावर येतात, थोड्या वेळानं हसत घरात जातात आणि मोबाईलवर एकमेकांना विचारत बसतात. मीही त्यातलीच. पण ही बाई परत आली ती बदलून आली. सासऱ्यांच्या ताटाला लाजणारी ती, आता रात्री दाराला कडी लावू देईना. माझ्याकडे आली की आधी बाहेरचं दार कुठंय ते बघून बसायची. बोलता बोलता गप्प व्हायची आणि म्हणायची, “आवाज आला का तुम्हाला?” मला आला नव्हता. तरी मी कान देऊन ऐकायची.

मार्च लागला होता. मी त्यांच्याकडे गेले होते, दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. मी अंगणात उभी होते, आजोबा शेडमध्ये बाजेवर. ठरल्याप्रमाणे मुलगी आतल्या खोलीतून निघून दोन्ही दारं ओलांडून माझ्यापर्यंत येणार होती आणि आई तिच्या मागून. पहिलं दार तिनं पार केलं. बाहेरच्या दाराशी आली आणि पट्टीपाशी थांबली. नेहमीचंच. मी गप्प. आई गप्प. आम्ही वाट बघत होतो.

आणि तो आवाज आला. आधी पायांना कळला, मग कानाला. शेडचा पत्रा खडखडला. गल्लीत कुणीतरी “आलं गं माय!” म्हणून किंचाळलं. कुत्री ओरडायला लागली. आजोबा बाजेवरून उठले आणि उभेच राहिले, तोंड उघडं, इतकी वर्षं ताट वाजवणारा माणूस, त्याच्या तोंडून एक शब्द निघेना.

दारात मुलगी उभी होती. तिच्या मागं आई. बाहेर यायला तेवढं एकच दार. आईनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं आता उचलणार. तिनं उचललं नाही. तिनं मुलीला कडेला सरकवलं, चौकटीला घासत तिच्या बाजूनं बाहेर पडली आणि पळत माझ्यापर्यंत आली. माझा हात धरला. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. आणि मग तिनं मागं वळून बघितलं.

तोवर आवाज थांबला होता. एक भांडं पडलं नाही. भिंतीचा पोपडासुद्धा निघाला नाही.

मुलगी दारात होती. हात पिळत होती. डोळे आईवर. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, तिनं पाय उचलला. आधी दिलेला निरोप आत्ता पोहोचला होता. उजवा पाय पट्टीच्या पलीकडे आला, टाचेसकट टेकला, मग डावा. इतकी सुरेख चाल तिची मी कधी बघितली नव्हती. ती अंगणात आली.

“आली की!” आजोबांना वाचा फुटली. “अगं पोरी, बघ की, आपल्या पायानं आली!”

आईच्या ते लक्षातच आलं नाही. ती धावली आणि तिनं मुलीला असं उचललं की पोरीच्या पायातली एक चप्पल तिथंच राहिली. छातीशी धरून ती जमिनीवर बसली आणि हंबरडा फोडला. “मी टाकून आले, मामा. मी लेकराला टाकून आले.” गल्लीतल्या बायका जमल्या, त्यांनी समजूत घातली, घाबरल्यावर असं होतं बाई, सगळ्यांचं होतं. मी पण तेच म्हटलं. आजोबा तर हात जोडून सांगत होते की ह्यात तुझी काही चूक न्हाई. ती ऐकत नव्हती. मुलगी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, आणि तिचे पाय हवेत लोंबत होते. मी पाय बघणारी बाई, मला पहिल्यांदा तेच दिसतं.

त्या दिवसापासून आईनं मुलीला खाली ठेवलं नाही. ठेवलं नाही म्हणजे अक्षरशः नाही. अंघोळीला कडेवर, भाकरी थापताना मांडीवर, संडासला जाताना बरोबर. मी फोन केला, घरी गेले, ओरडले, गोड बोलले. आजोबा, जे उचला म्हणत होते, तेच आता तिच्या पाया पडायचे बाकी होते. “खाली सोड गं तिला. चालंल ती. मी बघितलंय डोळ्यानं.” ती म्हणायची, “हाव मामा, सोडते.” आणि सोडायची नाही. नवरा आला, तो चिडला, दोन दिवस राहून गाडीवर निघून गेला. मी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथंही ती मुलीला मांडीवर घेऊनच बसली. बस चुकली, पाऊस झाला, पाहुणे आले, अशा कारणांनी माझ्याकडचं येणं लांबत गेलं.

गणपती झाल्यावर ती आली. मुलगी कडेवर. मी काही न बोलता घेतली आणि फरशीवर उभी केली. टाचा टेकल्याच नाहीत. मी वाट बघितली. खूप वाट बघितली, या मुलींसाठी जितकी बघावी लागते त्याहून जास्त. तिनं डोळे माझ्यावर लावले होते, तिला कळत होतं मला काय हवंय. मग तिचे गुडघे वाकले आणि मी तिला धरलं. पुन्हा उभी केली. पुन्हा तेच. आजारानं ते पाय तसेही नेले असते का? नेले असते, कदाचित. अजून काही वर्षांनी, कदाचित. मला कुणी विचारू नये.

मी आईकडे वळले. मला वाटलं होतं ती रडेल, आणि काय बोलायचं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. ती रडली नाही. तिनं पुढं होऊन माझ्या हातातून मुलगी घेतली, सवयीनं कमरेवर बसवली, पदर खोचला.

“तिचं ऱ्हाऊ द्या मॅडम,” ती म्हणाली. “आज माझी चाल बघा.”

“तुमची?”

“ती वाढून राहिलीय. जड व्हायलीय. मी अजून किती वर्षं हिला घेऊन दारापातुर पळू शकीन, तेवढं तपासून सांगा.”

मला नाही म्हणता आलं नाही. ती खोलीच्या कोपऱ्यापासून निघाली, लेकीला घट्ट धरून, भरभर, दाराकडे. मी तिच्या पायांकडे बघितलं. डावा गुडघा आत वळत होता. कंबर एका बाजूला झुकली होती. वळताना तिला भिंतीला हात लावावा लागला, आणि ते तिला कळलंसुद्धा नाही.

ती दारातून परत आली, धापा टाकत, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. वय तिचं तिशीच्या आतलं.

“चांगली हाय ना?” तिनं विचारलं.

“चांगली आहे,” मी म्हटलं.